माझ्या वाटणीचं पाणी

मला लिहायची सवय नाही, बोलायची आहे. आमचे हे म्हणतात, "बोलतेस तसंच लिही, ज्याला कळायचं त्याला कळेल." म्हणून बसले.

डायलिसिसला पहिल्यांदा आलेलं माणूस मी आता लांबून ओळखते. पिशवी मांडीवर, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर आतल्या दाराकडं. त्याच्या शेजारी जाऊन बसावं, चार गोष्टी सांगाव्यात असं लई वाटतं. पण नेमका तेव्हाच माझा नंबर लागतो. तर हे त्या माणसासाठी.

माझं नाव इंदुबाई. माहेर पाचोडकडचं, सासर म्हणाल तर मुकुंदवाडी. घराला लागून आमची पिठाची गिरणी आहे. शाळा मी जेमतेम बघितली. बाकीचं वाचायला शिकले ते गिरणीत, डब्यांखाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. पिठानं अर्धी अक्षरं झाकलेली असायची, ती झटकून वाचायची. त्यामुळं माझ्या लिहिण्यात काही राहिलं, काही सांडलं, तर सांभाळून घ्या.

पुड्या

सुरुवात सांध्यांपासून झाली. सकाळी उठलं की बोटं अशी सुजलेली असायची की पीठ मळता येत नव्हतं. गिरणीवाल्याच्या बायकोला पीठ मळता येईना, याच्यावर गल्लीत चेष्टा पण झाली. दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतार पडायला वेळ लागत होता आणि मला धीर नव्हता. माझ्या मावसबहिणीनं एका माणसाकडून पुड्या आणून दिल्या. "जडीबुटीच्या आहेत, काही अपाय नाही," म्हणाली. तिला तरी कुठं माहीत होतं!

दोन दिवसांत मी फुगडी घालीन अशी झाले. खरं सांगते. दुखणं पळालं, भूक लागली, तोंड गोल झालं. जो भेटेल तो म्हणायचा, "इंदुबाई, तब्येत सुधारली हो!" मला बरं वाटायचं. ती पुडी मी पदराच्या गाठीत बांधून ठेवायचे, लग्नाला जा, बाजाराला जा, सोबत असायचीच. त्याच्या जोडीला मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या, कधी एक, कधी दोन. अशी वर्षं गेली.

मग तहान लागायला लागली. पाय सुजायला लागले. जिना चढले की भिंतीला टेकायचे. मी म्हणायचे, दमले असेन. आपल्या बायकांचं हे एकच उत्तर असतं बघा, सगळ्या आजारांना.

ज्या दिवशी कळलं

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, माझ्या लेकराच्या वयाच्या. रिपोर्ट वाचत विचारलं, "मावशी, माहेरी कुणाला शुगर होती?"

"नाही. आमच्याकडं सगळे धडधाकट."

"मग औषधं कोणती घेता?"

मी मोठ्या ऐटीत पदराची गाठ सोडली आणि पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडून बघितली आणि बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मावशी, अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. तुमची शुगर घराण्यातून आलेली नाही, या पुडीतून आलेली दिसतेय. आम्ही याला सेकंडरी म्हणतो. दुसऱ्या कशामुळं तरी घरात घुसलेली."

"म्हणजे सवतीसारखी?" मी विचारलं.

त्यांना हसू आलं, मलाही आलं. ह्यांना आलं नाही. कारण पुढचा कागद किडनीचा होता. शुगर कितीतरी काळ कुणाला न कळता राहिली, वरून दुखण्याच्या गोळ्या, दोन्हींनी मिळून किडन्या खाल्ल्या होत्या. बाई समजावून सांगत होत्या आणि मला फक्त त्यांच्या टेबलावरचं पेपरवेट दिसत होतं. त्यात एक निळं फूल होतं. आजही आठवतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली, ती मीही बजावते. ती पुडी घाबरून एका दिवसात बंद करायची नाही, त्यानंही माणूस दगावू शकतं. डॉक्टरला दाखवायची आणि ते सांगतील तसं हळूहळू सोडवायचं. तुमच्या पदराच्या गाठीत अशी काही पुडी असेल, तर उद्याच नेऊन दाखवा. लाजू नका. मी लाजले नव्हते, पण मी उशिरा गेले.

घरी आलो. मी चहा टाकायला आत गेले आणि गिरणी चालू झाल्याचा आवाज आला. दुपारच्या वेळी दळणाला कोण आलं म्हणून बघायला गेले, तर कुणीच नाही. हे एकटेच पट्ट्याजवळ उभे, आणि गिरणी रिकामी फिरतेय. रिकामी गिरणी चालवू नये, दगड दगडावर घासून खराब होतात, हे ते उभ्या गल्लीला सांगतात. मी ह्यांच्याजवळ गेले. पाठीवर हात ठेवून उभी राहिले. त्या आवाजात रडलेलं कुणाला ऐकू जात नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

मोसंबी

दवाखान्यात पहिल्यांदा ठेवलं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक माणूस मोसंबी नाहीतर शहाळं घेऊन यायचा. पैठणकडची माणसं आम्ही, आजाऱ्याला मोसंबी न्यायची नाही तर काय न्यायचं? आणि मला नेमकी तीच मना! किडनीच्या माणसाला मोसंबी नको, शहाळं नको, केळं नको, टमाटा नको. पालेभाजी आधी उकळून पाणी फेकून द्यायचं, मग फोडणीला टाकायची. तिला चव कशाची राहते? गवताची.

पण "नको" म्हणलं की माणसं हिरमुसतात. मग मी घ्यायची आणि पलंगाखाली सरकवायची. माझ्या आजारपणात सगळ्या वॉर्डानं मोसंबी खाल्ली. आया, सिस्टर, शेजारच्या बाईची नातवंडं. एक म्हातारे गृहस्थ तर सकाळी माझ्या पलंगाशी येऊन विचारायचे, "बाई, आज कुणी पाहुणे येणार हायत का?"

पाण्याचा हिशोब

इन्सुलिनची भीती वाटते ती पहिल्या सुईपर्यंतच. नंतर ते दात घासल्यासारखं होतं. डायलिसिसची भीती जास्त दिवस राहते. मनगटाजवळ छोटं ऑपरेशन करून दोन नसा जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्या हातात बांगड्या घालायच्या नाहीत, वजन उचलायचं नाही, तो हात उशीखाली घेऊन झोपायचं नाही. त्यावर बोटं ठेवली की आत थरथर लागते. ती लागली म्हणजे हात ठीक आहे. आमचे हे रोज सकाळी गिरणीच्या पट्ट्याला हात लावतात तसा माझ्या हाताला लावतात आणि म्हणतात, "चालू आहे."

पण या सगळ्यात अवघड काय, विचाराल तर पाणी.

तुम्हाला आमच्या शहराचं ठाऊक आहे. नळाला पाणी यायचं म्हणजे सण. कितीतरी दिवसांनी येतं, तेही कधी येईल नेम नाही. आलं की पातेली, घागरी, ड्रम, बादल्या, मिळेल ते भांडं भरायचं. माझा उभा जन्म पाणी भरण्यात गेला. पाण्यासाठी भांडले, पाण्यासाठी लग्नं अर्ध्यात सोडून आले. आणि आता घरात ड्रम काठोकाठ भरलेले, आणि मला डॉक्टरनी सांगितलं, मावशी, दिवसाला ही एवढी बाटली. चहा, ताक, आमटी सगळं त्यातच धरायचं.

कारण लघवी कमी झालेली असते. प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं, मग दम लागतो. कळतं सगळं. पण चैत्रात जीभ टाळूला चिकटते तेव्हा कळून काय उपयोग!

माझे उपाय सांगते. बर्फाचा खडा चोखायचा, घोटापेक्षा तो जास्त वेळ टिकतो. ओठांवर ओलं फडकं फिरवायचं. गुळणी करून टाकून द्यायची. तोंडात दोन दाणे बडीशेप. आणि सकाळीच सगळी बाटली संपवायची नाही, हे सर्वात महत्त्वाचं. मी सुरुवातीला संपवायचे आणि मग दुपारभर ड्रमकडं बघत बसायचे.

गिरणीचा काटा

रोज वजन करायला सांगितलं होतं. वजन वाढलं म्हणजे पाणी साठलं. हे म्हणाले, "त्याला वेगळा काटा कशाला? आपल्याकडं आहे की." झालं! रोज सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी मी धान्याच्या काट्यावर उभी. एका बाजूला गव्हाची पोती, एका बाजूला मी. गल्लीतल्या बाया डबे घेऊन आलेल्या असायच्या. एक म्हणायची, "भाऊ, बारीक दळा बरं का!" दुसरी म्हणायची, "नाही नाही, भरड चांगली लागती."

हे आकडा बघायचे आणि एक शब्द बोलायचे. "शाब्बास," नाहीतर "इंदे!" दुसरा शब्द ऐकला की मला कळायचं, काल ताक जास्त झालं.

उस्मानपुऱ्यातलं घर

आमचा पोरगा प्रवीण चिकलठाण्याला कंपनीत आहे. तिथंच प्रज्ञा कामाला. दोघांचं मनातून ठरून बराच काळ झाला होता, माझ्या आजारपणामुळं बोलायचं राहिलं होतं. प्रज्ञाचं घर बौद्ध, आम्ही मराठा. आमच्या ह्यांनी एका वाक्यात विषय संपवला, "पोरगी शहाणी आहे, माझी ना नाही." माझ्या धाकट्या दिरानं मात्र आमच्याकडं येणं सोडलं. ते प्रज्ञाच्या घरीही कळलं होतं.

पहिल्यांदा त्यांच्या घरी जायचं ठरलं, उस्मानपुऱ्याला. निघताना प्रवीण म्हणाला, "आई, आज दवाखान्याचं काही काढू नको हं. पहिलीच भेट आहे. पुढच्या वेळी सांगू निवांत."

मलाही पटलं. सोयरिकीच्या पहिल्याच पावलाला आजार कशाला पुढं करायचा? मी लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला, फिस्टुलाचा हात झाकला.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं, म्हणजे आधीचं पाणी अंगात साठलेलं, त्यामुळं तो दिवस पाण्याला सगळ्यात कडक. ऊन असं की रिक्षाची सीट भाजत होती. माझी बाटली दुपारीच संपलेली.

घर छोटं, लखलखीत. कोपऱ्यात बुद्धाची पांढरी मूर्ती, पुढं ताजी फुलं. प्रज्ञाच्या आईवडिलांनी "जयभीम" केला, आम्ही नमस्कार केला, सगळे जरा अवघडून बसलो. प्रज्ञा पाण्याचं ताट घेऊन पुढं आली, तर तिची आजी उठली. ऐंशीच्या पुढची, पांढरंशुभ्र लुगडं, पाठ ताठ. "तू सर," म्हणाली. "पाव्हण्याला पहिलं पाणी म्या देणार."

ह्यांनी गिलास घेतला, प्रवीणनं घेतला. माझ्यापुढं आला. काठोकाठ भरलेला, माठातला, बाहेरून घाम फुटलेला गिलास. मी म्हणाले, "नको आजी, निघताना पिऊनच निघाले."

"घोटभर घ्या की. उन्हातून आलात."

"नको, खरंच नको."

आजींनी गिलास माझ्यापुढं टेबलावर ठेवला आणि समोर बसल्या. मग पोहे आले. शेंगदाणे, बटाटा, वरून टमाटा. मी म्हणाले, पोट भरलंय. चहा आला. मी म्हणाले, सोडलाय. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं भरलेला गिलास बघितला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

बोलणं चालू होतं, पण खोलीतली हवा बदलली होती. मला वाटलं, उकाड्यामुळं असेल.

मग आजी बोलल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. "आमची आय पाणवठ्यावर वंजळ धरून उभी ऱ्हायची. वरून लांबून वतायचे, अंगावर उडू नये म्हणून. म्या तिच्या लुगड्याला धरून बघितलंय. तुमी पाणी पेला नाय, तुमची मर्जी, जबरदस्ती नाय. पर आमच्या पोरीला तुमच्या घरात गिलास कंचा देणार, तेवढं सांगून जा."

ह्यांच्या मूळ गावी आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. तो कुणासाठी वेगळा ठेवलेला होता ते मला माहीत होतं. आजींनी तो कप माझ्या हातात बघितला होता, मी तो आणलेला नसताना.

मी गिलास उचलला आणि सगळा प्यायले. एका दमात. हे "अगं" म्हणेपर्यंत संपला होता. खोटं कशाला बोलू, ते पाणी अमृत लागलं.

आजी म्हणाल्या, "बोलल्यावर पेलात. त्याला काय अर्थ हाय?"

आता माझ्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं. मी उठले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले, बाही वर सारली आणि त्यांचा हात घेऊन माझ्या मनगटावर ठेवला.

त्यांनी हात झटकलाच पहिल्यांदा. मग परत ठेवला. "ह्ये काय गं माय? जात्यावाणी घरघर करायलंय आत!"

"डायलिसिसची नस आहे आजी. माझ्या किडन्या गेल्यात. उद्या मशीनवर जायचंय. पाणी मोजून असतं, आणि आजचं माझं दुपारीच संपलंय."

"मग ह्यो गिलास?"

"माझ्या वाटणीत नव्हता."

आजींनी कपाळावर हात मारला. "अगं मग नरड्यात कशाला वतलास बाई सगळा! तोंडानं सांगायला काय झालं व्हतं?" आणि दाराकडं वळल्या. "प्रज्ञे, तुला ठावं व्हतं?"

प्रज्ञानं मान हलवली.

"मंग बोलली का नाय?"

"तू नको म्हणली असतीस, आजी."

पाण्याचं तर उलगडलं होतं, पण आता दुसरंच समोर येऊन बसलं होतं. अशा आजाराच्या घरात आपली पोरगी द्यायची का? आम्ही निघालो तेव्हा आजी दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "बघू."

बघू

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला काट्यावर उभी राहिले आणि आमची टेक्निशियन शबाना ओरडली, "अम्मा! इत्ता वजन? टंकी पी गए क्या?"

"सोयरिकीला गेले होते गं. पाणी प्यावं लागलं."

"फिर? पक्की हुई?"

"पता नहीं."

"लो! पानी पी के भी नहीं हुई?" ती हसली, मग माझं तोंड बघून गप्प झाली. जास्तीचं पाणी काढताना पोटरीत असा गोळा आला की मी दात आवळून बसले. शबाना पाय चोळत होती. "हो जाएगी अम्मा, हो जाएगी," म्हणत होती. पोटरीचं म्हणत होती का सोयरिकीचं, मी विचारलं नाही.

मग उस्मानपुऱ्यातून काहीच निरोप नाही. प्रवीण जेवायचा आणि खोलीत जाऊन बसायचा. मला काही बोलला नाही, एका शब्दानं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ती शांतता मला सुईपेक्षा जास्त टोचायची. एकदा भाकरी करताना मनात आलं, मी नसते तर पोराचं किती सोपं झालं असतं.

हे मी मुद्दाम लिहितेय. या आजारात असं मनात येतं. आलं तर ते एकटीनं घेऊन बसायचं नाही, कुणाला तरी सांगून टाकायचं. मी ह्यांना सांगितलं. ते गिरणीचा दगड टाकवत होते, म्हणजे झिजलेल्या खाचा परत कोरत होते. छिन्नी खाली न ठेवताच म्हणाले, "तू नसलीस तर सकाळी काट्यावर मी कोणाला उभं करू?" आणि परत ठोकायला लागले. एवढंच. पण माझं मन जागेवर आलं.

आजी आल्या

नळाला पाणी यायचा दिवस होता. गल्लीत धावपळ, पाइपा, आरडाओरडा. मी काट्यावर उभी होते. तेवढ्यात रिक्षा थांबली, आणि तीच ताठ पाठ उतरली. एकटीच.

आजींनी मला बघितलं, पोती बघितली, काटा बघितला. ह्यांना म्हणाल्या, "काय वो, बायको विकायला काढली का?"

"गिऱ्हाईक मिळंना आजी," हे म्हणाले. दळणाच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

आत आल्या. मी माझ्या हातानं तांब्या भरला, गिलास भरला, पुढं ठेवला. आमच्या रोजच्या गिलासांतला. आजींनी तो उचलून उजेडात धरून बघितला, मग सगळा प्यायल्या, आणि पालथा घालून ठेवला.

"आता इचारते ते खरं सांग," म्हणाल्या. 'तुमी'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. "माझ्या नातीनं तुझं काय काय करायचं?"

मी म्हणाले, "आजी, सुई मी माझी घेते. दवाखान्यात हे नेतात. भाजी मी माझी उकळते. ती तिची नोकरी करील. पण मी असं म्हणणार नाही की तिला कधीच काही करावं लागणार नाही. एखाद्या दिवशी मी पडेन, आणि घरात तीच असेल. तेव्हा तिला धावावं लागेल. ते लपवून पोरगी आणायची नाही मला."

आजींनी बाहेरच्या ड्रमांत पडणाऱ्या पाण्याकडं बघितलं.

"त्या दिवशी हे बोलली असतीस तर म्या 'नाय' म्हणले असते," त्या म्हणाल्या. "पोरीनं सांगितलं नाय, म्हणून तिला लई बोलले. ती म्हणली, आजी, त्या बाईनं आपल्या घरचं पाणी जिवावर उदार होऊन पेलं, अजून काय परीक्षा घ्यायची?"

"एका गिलासानं कुणी मरत नाही आजी. पोरगी वाढवून सांगती."

"मला बी तसंच वाटलं," आजी म्हणाल्या. "म्हणून बघायला आले." मग माझी बाटली हातात घेतली. तेवढीशी, दिवसाची. फिरवून फिरवून बघितली. "येवढंच?"

"येवढंच."

"चहा बी ह्यातच?"

"चहा, ताक, सगळं."

त्यांनी ती बाटली अशी हळूच खाली ठेवली, जशी काही काचेची आहे. "चल, हात दाव," म्हणाल्या. परत मनगटावर बोटं ठेवली, डोळे मिटले, ऐकल्यासारखं केलं. आमचे हे दारात येऊन उभे होते. आजी त्यांना म्हणाल्या, "चालू हाय."

उस्मानपुऱ्याला, दुसऱ्यांदा

बोलावणं आलं. तारखेचं बोलायला या. या वेळी मी आखूड बाह्यांचाच ब्लाऊज घातला.

तेच घर, तीच मूर्ती, ताजी फुलं. आजी ताट घेऊन स्वतःच आल्या. सगळ्यांना गिलास दिले. माझ्यापुढं आल्या तेव्हा ताटात गिलास उरलाच नव्हता. एका वाटीत बर्फ होता, आणि त्यात बसवलेलं पितळेचं एक छोटंसं बोंडलं. तान्ह्या लेकराला दूध पाजतात ना, चोचीचं, ते. चिंचेनं घासून सोन्यासारखं केलेलं. त्यात दोन घोट पाणी.

"प्रज्ञाला ह्याच्यातच पाजलं म्या," आजी म्हणाल्या. "घे. माझ्या घरून पाव्हणं पाणी पेल्याबिगर जात नाय."

मी बोंडलं दोन्ही हातांनी धरलं. थंडगार होतं. प्रवीण आणि प्रज्ञा दोघं माझ्याकडं बघत होते, हे बघत होते, प्रज्ञाची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मी चोच ओठाला लावली. पहिला घोट गिळला. दुसरा तोंडात तसाच धरून ठेवला, जमेल तेवढा वेळ.

आजी माझ्या गळ्याकडं बघत उभ्या होत्या. तो घोट खाली उतरला तशा वाकल्या, बोंडलं घेतलं, आत बघून खात्री केली.

"झालं हिचं," म्हणाल्या आणि खाली बसल्या. "आता तारखेचं बोला. अन् डायलिसिसचा दिवस सोडून धरा."